पूर्वनिकाल

स्वरूपा मोहिते उपांत्यपूर्व फेरीत हरली तेव्हा ती दात घासत होती.

बेसिनच्या काठावर ठेवलेला फोन थरथरला. तोंडातला फेस तसाच ठेवून तिनं वाकून पाहिलं. ‘महिला एकेरी, उपांत्यपूर्व फेरी. एलिश्का व्रानोवा विजयी विरुद्ध स्वरूपा मोहिते, ६-३, ६-४. पूर्वनिकाल. आव्हानाची मुदत दुपारी बारापर्यंत.’

तिनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि आरशात पाहिलं. चौतीस वर्षांचा, उन्हानं रापून चामड्यासारखा झालेला चेहरा तिच्याकडे बघत होता. खरं तर वाईट वाटायला हवं होतं. लाल मातीवरच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत शेवटच्या आठ जणींत पोचायची तिची ही पहिलीच खेप. पण मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की बरं झालं. आज त्या भट्टीत उतरायला नको. मग त्या ‘बरं झालं’ची लाज वाटली, पण तीही अंमळ उशिरानंच.

दारावर टकटक झाली. दादाच असणार हे तिला चालीवरून कळलं होतं. अजिंक्यचा उजवा पाय जरा ओढत पडतो. बाविसाव्या वर्षी बेळगावच्या एका स्पर्धेत त्याचा गुडघा गेला आणि त्यानंतर घरात एकच खेळाडू उरला. कराडजवळच्या साखर कारखान्याच्या ऑफिसर क्लबात मुरमाचं एक कोर्ट होतं. वडील कारखान्यात फिटर होते, म्हणून पोरांना तिथं संध्याकाळी खेळू द्यायचे. तिथं दादा तिला चेंडू टाकायचा. पुढं सगळ्या जगभर त्यानं तिला चेंडू टाकले.

“बघितलंस?” आत येऊन तो खुर्चीत बसला. हातात नेहमीची पाटी होती, म्हणजे तो काचेचा पातळ पडदा, ज्यावर तिच्या पायाच्या रेघा दिवसरात्र हलत असायच्या.

“बघितलं.”

“संध्याकाळचं विमान मिळतंय. रोमहून मुंबई. बोलू का?”

स्वरूपा पलंगावर बसली आणि डाव्या घोट्यावरची पट्टी चाचपू लागली. बोटभर रुंदीची, कातडीच्याच रंगाची ती पट्टी सगळ्या खेळाडूंच्या पायांना असते. दोघं भावंडं तिला ‘कान’ म्हणत, कारण ती ऐकायचंच काम करते.

सुतळी ताणत गेलं की तुटायच्या आधी ती कुरकुरते. पुलांच्या लोखंडी दोरांवर काम करणाऱ्या इंजिनिअरांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. दोरातली एखादी तार तुटली की माणसाला ऐकू न येणारा बारीक टिचका उमटतो, आणि ते टिचके मोजून पूल कधी थकेल हे सांगता येतं. दहाएक वर्षांपूर्वी त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी मनात आलं, टाचेमागची शीर तरी दुसरं काय आहे? तीही दोरच. मग पट्ट्या निघाल्या. शिरेचे टिचके, स्नायूंची गुरगुर, नाडी, घाम, सगळं ऐकून त्या उद्या हे शरीर किती धावेल, किती वळेल, कितव्या तासाला ढेपाळेल, ते सांगू लागल्या. त्यात खेळाडूनं आजवर मारलेला प्रत्येक फटका मिसळला की यंत्रात त्या माणसाचा एक जोडीदार उभा राहतो. त्याला प्रतिदेह म्हणतात. दोन खेळाडूंचे प्रतिदेह एका रात्रीत एकमेकांशी लाखभर सामने खेळतात आणि सकाळी हिशोब तयार असतो.

सिमेंटच्या कोर्टावर हा हिशोब पुष्कळदा फसतो. तिथं चार तोफगोळ्यांसारख्या सर्व्हिस बसल्या की सामना फिरतो. लाल मातीचं तसं नाही. विटांच्या भुकटीवर चेंडू मंदावतो, उंच उसळतो, एकेका गुणासाठी पंधरा-वीस फटके चालतात. आणि फटके जितके जास्त, तितका नशिबाचा वाटा कमी. म्हणून प्रतिदेहांचं खरं राज्य मातीवर.

तरीही सामने न खेळवता निकाल लावायचं कुणाच्या मनात आलं नसतं. पण दोन वर्षांपूर्वी याच मोंतेसालेच्या कोर्टावर, जूनच्या उन्हात, पाचव्या सेटमध्ये एक खेळाडू कोसळला आणि पुन्हा उठला नाही. इटलीच्या या किनाऱ्यावर आता जूनमध्ये पारा चव्वेचाळीसच्या खाली येतच नाही. तेव्हा नियम झाला. ज्या सामन्यात शंभरातले सत्त्याण्णव निकाल एकाच बाजूचे असतील, तो खेळवायचा नाही. निकाल जाहीर करायचा. माणसाचा जीव मोलाचा. याला विरोध तरी कोण करणार? खेळाडूंच्या मतदानात स्वरूपानंही हात वर केला होता.

“किती होते?” तिनं विचारलं.

“शंभरातले अठ्ठ्याण्णव.”

“म्हणजे दोन माझे.”

“दोन तुझे,” अजिंक्य म्हणाला. “पण ते सोड. पाय बघ.” त्यानं पाटी पुढं केली. डाव्या टाचेची रेघ लालभडक होती. “चार फेऱ्या खेळलीस, चारही तीन-तीन सेटच्या. रात्री झोपेतसुद्धा टिचके येत होते. ही शीर आता सुट्टी मागतेय, स्वरू.”

हे खरं होतं. पूर्वनिकालाची हीच गंमत होती, आणि ती नियम होऊन गेल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आली. अटीतटीचे सामने तेवढे खेळवले जात. त्यामुळे अव्वल पोरी न खेळताच पुढं सरकत, ताज्यातवान्या राहत. आणि स्वरूपासारख्या मधल्या फळीतल्या बायका एकमेकींना घासून घासून झिजत. थकलेली आणखी थकायची, मग तिचा हिशोब आणखी बिघडायचा.

फोन वाजला. पडद्यावर आईचा चेहरा, नेहमीप्रमाणे अर्धाच, कपाळापासून नाकापर्यंत.

“काय गं, हरलीस म्हणं?”

“हो आई.”

“आगं पण खेळलीस कधी? मी सकाळधरनं टीव्ही लावून बसलीय.”

“खेळले नाही. पूर्वनिकाल लागला.”

“म्हंजे त्या मशीननं सांगितलं?”

“हां.”

“मशीनला इचारलं. आन् तुला इचारलं का?”

स्वरूपाला हसू आलं. “बारापर्यंत विचारतात. खेळायचंच असेल तर सांगा म्हणून.”

“मग?”

“पाय दुखतोय आई.”

कॅमेरा हलला आणि तिचं तोंड दिसलं. “दुखत असंल तर ये घरी. पायापरीस काय मोठं न्हाई. फकस्त शकूवैनी आन् गल्लीतल्या बायका यायच्या हैत संध्याकाळी. त्यास्नी काय दाखवू तेवढं सांग. हरलेलं दाखवायला पण काय तरी लागतं का न्हाई?”

फोन संपला. दादा तिकिटं बघत राहिला. स्वरूपा नाश्त्याला खाली गेली.

हॉटेलच्या जेवणघरात पडदे ओढलेले होते. तिनं दही आणि पावाचा एक तुकडा घेतला आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. दोन घास झाले असतील, तोच समोरची खुर्ची सरकली. एक उंच, भुरक्या केसांची मुलगी उभी होती. एलिश्का व्रानोवा. विशीतली, जगात तिसरी. तीन वर्षं एकाच दौऱ्यावर असून दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

“बसू का?” तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

“बस की. अभिनंदन.”

एलिश्कानं तोंड वाकडं केलं. “कशाबद्दल?” ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर. “तुम्ही आव्हान देणार आहात?”

“नाही.”

“द्या ना.”

स्वरूपानं चमचा खाली ठेवला. “काय म्हणालीस?”

“मला माहीत आहे, असं विचारणं बरोबर नाही,” ती पोरगी घाईघाईनं बोलू लागली. “पण मी या स्पर्धेत एकच सामना खेळले आहे. पहिली फेरी. त्यानंतरचे तिन्ही पूर्वनिकाल. मागच्या स्पर्धेत पण तसंच. मी कप घेतला आणि फोटो काढला, आणि आईनं फोन करून विचारलं, कसं वाटतंय? मला सांगता येईना. मी रोज सराव करते. माझी रेघ हिरवी असते. सगळे म्हणतात, तू जिंकतेस. पण मी जिंकत नाही. मला फक्त कळवतात.”

“मग तू आव्हान दे.”

“जिंकणाऱ्याला देता येत नाही. फक्त हरणाऱ्याला येतं.”

हे स्वरूपाला ठाऊक होतं, पण असं समोर बसून कुणी कधी म्हटलं नव्हतं. तिला एकदम चीड आली. “तुला बरं वाटावं म्हणून मी माझा पाय मोडून घेऊ? तुझी वीस वर्षं पडलीत अजून.”

एलिश्काचे कान लाल झाले. “नाही. सॉरी. खरंच सॉरी.” ती उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि निघून गेली. स्वरूपानं उरलेलं दही संपवलं. चव लागली नाही.

ती वर आली तेव्हा अजिंक्य बॅग भरत होता. तिच्या रॅकेटी तो लहान मुलाला दुपट्यात गुंडाळावं तशा गुंडाळायचा.

“दादा, त्या शंभरातल्या दोन सामन्यांत मी कशी जिंकते?”

“तसं कुणी एकेक बघत नाही गं.”

“पण बघता येतं ना?”

त्यानं सुस्कारा सोडून पाटी उघडली. पडद्यावर दोन आकृत्या धावू लागल्या. नाक-डोळे नसलेल्या, पण स्वरूपाला आपली आकृती लगेच ओळखू आली. सर्व्हिसच्या आधी डावा खांदा जरा पाडायची तिची खोड त्या आकृतीतही होती. आधी हरलेलेच सामने लागले, ती बघत राहिली. दुसऱ्या सेटमध्ये एलिश्काची आकृती ५-४ वर सामन्यासाठी सर्व्हिस करायला आली आणि चार गुणांत मोकळी झाली. दुसऱ्या सामन्यातही तसंच. तिसऱ्यातही. कुठं अडखळणं नाही, चाचरणं नाही.

“हिनं यंदा मातीवर किती सामने खरेखुरे खेळलेत?”

अजिंक्यनं शोधलं. “पाच. बाकी सगळे पूर्वनिकाल.”

“त्या पाचांत सामना हातातून निसटायची वेळ किती वेळा आली?”

“एकदाही नाही. सगळे सरळ दोन सेटांत.”

“मग या प्रतिदेहाला हिच्याबद्दल काय माहीत आहे? हिचे पाय माहीत आहेत, दंड माहीत आहे. पण ५-४ वर हिच्या पोटात गोळा येतो की नाही, ते हिचं हिलाच माहीत नाही. मशीनला कुठून कळणार? खेळूच देत नाहीत, आणि न खेळलेल्याचाच हिशोब मांडतात.”

अजिंक्यनं पडदा थांबवला. हा विचार त्याच्याही मनात येऊन गेला असावा. “बरोबर आहे तुझं,” तो शेवटी म्हणाला. “हिच्याबद्दल त्याला कमी माहीत आहे. पण तुझ्या पायाबद्दल त्याला सगळं माहीत आहे.”

“ते मलाही माहीत आहे.”

“मग संपलं ना!”

“दादा, सकाळी निकाल बघितला ना, तेव्हा मला बरं वाटलं. हरल्याचं बरं वाटलं. इतकी दमलेय मी. ते बरं वाटणं मला हवंय, नको असं नाही. पण खेळून झाल्यावर हवंय. असं दात घासता घासता नको.”

“आणि पाय गेला तर?”

“पाय माझा आहे.”

अजिंक्यनं पाटी पलंगावर ठेवली. “आजवर दोघांचा होता,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. “माझा एक गेला, म्हणून तुझे दोन मी जपले. तुला स्ट्रेचरवर घालून आईपुढं न्यायचं असलं तर ते तू कर. मी बघायला येणार नाही.”

तो आपल्या खोलीत गेला. स्वरूपा थोडा वेळ अर्धवट भरलेल्या बॅगेकडे बघत बसली. मग बूट घालून खाली गेली. आव्हान द्यायला फार काही लागत नाही. कॅमेऱ्यासमोर उभं राहून म्हणायचं, की मला माझ्या शरीराचा अहवाल समजला आहे आणि तरीही मला खेळायचं आहे. शेजारी बसलेल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, “नक्की?” ती म्हणाली, “नक्की नाही. पण लिहा.”

ऊन उतरायची वाट पाहून सामना सहा वाजता ठेवला. मुख्य कोर्ट दुसऱ्यांना दिलेलं होतं, त्यामुळे त्यांना मागचं सात नंबर मिळालं. एका बाजूला बाभळीसारखी काटेरी झुडपं, दुसऱ्या बाजूला चार पायऱ्यांची गॅलरी. प्रेक्षक शंभरही नसतील. प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी होती. माती अजून भाजत होती. बुटातून चटका जाणवत होता.

पहिला सेट एलिश्कानं ६-३ घेतला. अगदी सकाळी कळवला होता तसा. पोरगी सुंदर खेळत होती. चेंडू उंच उसळवून स्वरूपाच्या खांद्याच्या वर आणत होती आणि तिला रेषेच्या मागं मागं रेटत होती. स्वरूपानं घाई केली नाही. करायला अंगात बळही नव्हतं. आपल्याजवळ जे थोडं आहे ते ती पुरवून पुरवून वापरत होती, महिनाअखेरच्या गॅससारखं. चेंडू परत टाकायचा. आणखी एकदा टाकायचा. मुलीला आणखी एक फटका मारायला लावायचं.

दुसऱ्या सेटमध्ये ४-५ झालं. एलिश्का सामन्यासाठी सर्व्हिस करायला आली. पहिले दोन गुण तिनं पटकन घेतले. मग ती थांबली. चेंडू जमिनीवर आपटत राहिली, आपटत राहिली, जणू काही विसरलं होतं. सर्व्हिस जाळीत गेली. दुसरीही. पुढच्या गुणाला साधा सोपा चेंडू तिनं वीतभर बाहेर मारला. पंच खुर्चीतून उतरून मातीतला ठसा बघून आले आणि बोटानं ‘बाहेर’ दाखवलं. एलिश्का त्या ठशाकडे अशी बघत राहिली, जणू असला ठसा आपणही उमटवू शकतो हे तिला आजच समजत होतं.

स्वरूपाला तिची दया आली आणि त्याच वेळी तिनं तिला एक खोल, कापलेला, डोकेदुखी ठरणारा फटका दिला. तो गेम तिनं घेतला. त्यानंतरचेही दोन. ७-५.

गॅलरीतले लोक उभे राहिले होते. बाकावर बसून पाणी पिताना तिनं सहज वर पाहिलं, तर खुर्चीत अजिंक्य होता. हातात पाटी नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो नुसता बसला होता आणि तिच्याकडे बघत होता. कित्येक महिने तो सामना चालू असताना तिच्याकडे बघत नव्हता, रेघेकडे बघायचा. तिनं मान हलवली. त्यानंही.

तिसऱ्या सेटमध्ये १-१ असताना ती डाव्या कोपऱ्याकडे घसरत गेली आणि कुणीतरी मागून टाचेवर दगड मारला. तिनं वळून पाहिलंसुद्धा. मागं कुणी नव्हतं.

डॉक्टरबाई आल्या, बोटांनी दाबून बघितलं. “अर्धी तुटली आहे. अर्धी शिल्लक आहे. थांबाल तर बरं.”

“उभं राहता येईल?”

“उभं राहता येईल. धावता येणार नाही.”

स्वरूपानं दादाकडे पाहिलं. त्यानं हात वर केला असता तर ती थांबली असती, हे त्या क्षणी तिला पक्कं ठाऊक होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण हात गुडघ्यांवरच राहिले.

ती जागेवर उभी राहून खेळू लागली. आणि तिच्या लक्षात आलं, की चेंडू तिच्या हातात येतायत. एलिश्का प्रत्येक फटका बेतानं, तिच्याजवळ टाकत होती, म्हाताऱ्या माणसाशी खेळावं तसा. बाजू बदलताना जाळीजवळ स्वरूपानं तिला अडवलं.

“काय चाललंय तुझं?”

“तुमचा पाय…”

“माझ्या पायाचं मी बघेन. मला दया हवी असती तर मी सकाळीच घरी गेले असते. तुला खरा सामना हवा होता ना? मग जाळीजवळ चेंडू टाक. मला पळव.”

“तुम्ही पळू शकत नाही.”

“म्हणूनच टाक. यालाच जिंकणं म्हणतात. ते फार गोड नसतं.”

एलिश्काचे डोळे भरून आले. पण पुढच्या गुणाला तिनं हलका कापलेला चेंडू जाळीच्या अगदी पलीकडे टाकला. स्वरूपा दोन पावलं गेली आणि थांबली. मग पुन्हा तसाच. पुन्हा. गॅलरीतून कुणीतरी शिट्टी घातली, कुणी ‘छी’ म्हटलं. पोरगी ओठ दाबून खेळत राहिली. मधूनमधून स्वरूपानं तिला जागेवरूनच दोन-चार असे फटके दिले, की तिला कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावावं लागलं. एक गेम त्याच्यावर मिळाला.

५-२. सामन्याचा शेवटचा गुण. चेंडू पुन्हा जाळीजवळ पडला. पायात काहीतरी होतं अजून. झेपावली असती तर कदाचित पोचलीही असती. सतरा-अठरा वर्षं ती असल्या प्रत्येक चेंडूमागे धावली होती. आज ती उभी राहिली. चेंडू एकदा उसळला. दोनदा उसळला. तिनं तो नीट बघितला.

जाळीजवळ एलिश्कानं तिला मिठी मारली आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. स्वरूपा तिच्या घामट पाठीवर थोपटत राहिली. फलकावर अक्षरं उमटली, ‘पूर्वनिकाल योग्य ठरला.’ काही लोक हसले.

अजिंक्य कोर्टात उतरला होता. त्यानं तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. दोघंही लंगडत बाहेर निघाले, एक उजव्या पायानं, एक डाव्या.

“मशीनचं बरोबर निघालं,” तो म्हणाला.

“निघालं की.”

“आता कसं वाटतंय?”

स्वरूपानं विचार केला. टाच ठणकत होती, घसा कोरडा पडला होता, डोळ्यांपुढं लाल माती अजून हलत होती. “बरं वाटतंय,” ती म्हणाली. “संपलं माझं, दादा. आता नाही खेळायचं.”

“तुझं तू ठरवलंस ना, मग झालं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यातल्या पलंगावर पाय उंचावर ठेवून पडली होती. ऑपरेशन लागणार नव्हतं. प्लास्टर आणि भरपूर आराम. आईचा फोन येऊन गेला होता. गल्लीतल्या बायकांनी शेवटपर्यंत बघितलं आणि त्या भुऱ्या पोरीला शिव्या घातल्या. ‘मी म्हटलं, तिला कशाला? तिनं काय केलं? खेळलीच की ती,’ असं आईनं त्यांना सुनावलं होतं.

दहाच्या सुमाराला एलिश्का आली. भिंत धरून, एकेक पाऊल टाकत. येऊन खिडकीजवळच्या आरामखुर्चीत तिनं अंग टाकलं.

“मी हरले,” ती म्हणाली. “उपांत्य फेरी. सकाळी कळवलं.”

“पूर्वनिकाल?”

“शंभरातले सत्त्याण्णव. कालचा सामना झाला नसता तर हा बरोबरीचा ठरला असता म्हणे. माझा प्रशिक्षक माझ्याशी बोलत नाही.”

“माझ्यामुळे झालं हे.”

“मीच मागितलं होतं.” एलिश्कानं आपल्या पोटऱ्या दाबून बघितल्या. “जिना उतरताना कठडा धरावा लागला. असं दुखतं हे मला माहीतच नव्हतं. तुम्हाला नेहमी असं होतं?”

“नेहमी.”

“आणि झोप?”

“पडल्या पडल्या लागते.”

“मला नाही लागली. रात्रभर तो ५-४ चा गेम खेळत होते.” ती हसली.

“आव्हान देणार आहेस?”

“माहीत नाही. पाय उचलत नाहीत. बारापर्यंत वेळ आहे, इथं थोडी बसते.” ती मागं टेकली. दोन मिनिटांत तिची मान कलली, तोंड किंचित उघडं पडलं आणि ती गाढ झोपली.

स्वरूपानं तिला झोपू दिलं. अजिंक्य चहा घेऊन आला, खुर्चीकडे बघून दारातच थबकला आणि चवड्यांवर चालत आत आला. खिडकीबाहेर ऊन पांढरं होत गेलं. समुद्राकडून गरम वारा येत होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले.

“उठवायचं का हिला?” अजिंक्यनं हळू विचारलं. “नाही उठवलं तर आपोआप सुटेल बिचारी. आज खेळली तर पायाची वाट लागेल.”

स्वरूपा त्या पोरीकडे बघत राहिली. अशी झोप तिला ओळखीची होती. अंगातलं शेवटचं टिपूस वापरून झाल्यावर येते ती. ती मोडणं जिवावर येत होतं. किती सोपं होतं, आणखी पंधरा मिनिटं गप्प पडून राहणं. सगळ्यांच्या भल्याचंच होतं.

तिनं कोपरावर भार देऊन अंग उचललं, हात लांबवला आणि खुर्चीच्या हातावरून खाली लोंबणारं एलिश्काचं मनगट हलवलं.

“ऊठ,” ती म्हणाली. “खेळ नाहीतर सोडून दे, काय ते तू ठरव. पण जागी राहून ठरव.”